डाव्या हाताला जड

माझा मामा घड्याळं मोडायचा. तीच त्याची नोकरी होती. घड्याळांच्या कारखान्याच्या मागच्या बाजूला तपासणीची एक लांबट खोली होती, आणि बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या घड्याळाचे पहिले काही नग आधी तिथे यायचे. मामा त्यांच्यावर झुलता हातोडा सोडायचा, त्यांना खाऱ्या पाण्यात बुडवायचा, भट्टीत तापवून लगेच बर्फात टाकायचा. एवढं सोसूनही जे चालू राहील ते स्वतःच्या डाव्या मनगटावर बांधून तो मागच्या अंगणात जायचा. तिथे तो भिंतीवर चेंडू मारायचा, घण चालवायचा, लाकडं फोडायचा. अख्खा कारखाना त्याला ठोक्या म्हणायचा. मॅनेजरसुद्धा.

पण घड्याळ मोडतं की नाही हे सांगायला यंत्रंही होती. मामाचं खरं काम त्याच्या पुढचं. घड्याळ दिवसभर हातात घातल्यावर कसं वाटतं, कुठे टोचतं, घाम आल्यावर पट्टा सरकतो का, मनगट वळवताना चावी रुतते का, हे त्याने सांगायचं. आणि तो तोंडावर सांगायचा. समोर कोण आहे याचा त्याला विधिनिषेध नव्हता. एकदा मालकांच्या जावयाने पसंत केलेल्या घड्याळाबद्दल तो भर बैठकीत म्हणाला होता की हे बांधण्यापेक्षा हातकडी बरी, ती निदान फुकट मिळते. ते घड्याळ बाजारात गेलंच नाही.

मी तेव्हा मामा-मामीकडे राहत होते. दातांच्या दवाखान्यात रुग्णांना वेळा द्यायची नोकरी मला त्यांच्या शहरात लागली, आणि त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मी आपसूक तिसरी झाले. घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि अरुंद स्वयंपाकघर. मामी इस्पितळाच्या लाँड्रीत इस्त्रीवर होती. बारीक चणीची, तिखट जिभेची. मामाचे दंड असे होते की तयार शर्टाच्या बाह्या मामीला उसवून पुन्हा शिवाव्या लागत. कपाट सरकवायचं असलं की अख्ख्या इमारतीतून मामाला बोलावणं यायचं, आणि मामी म्हणायची, ‘‘जा, तुमच्या माहेरचं बोलावणं आलंय.’’

मग ते नवीन घड्याळ आलं.

खेळाडूंसाठी बनवलेलं, आणि खेळाडूंतही ज्यांच्याकडे पैसा उतू जातोय त्यांच्यासाठी. त्याची बॉडी धातूची नव्हतीच. केसाहून बारीक कार्बनचे धागे थरावर थर रचून, राळेत भिजवून, उष्णतेत दाबून ती घडवली होती. कापलेल्या कडेवर लाकडासारख्या रेषा दिसायच्या. आतल्या मशीनच्या पट्ट्या टायटॅनियमच्या, आणि त्याही जागोजागी कोरून पोकळ केलेल्या. पट्टा विणलेल्या कापडाचा. मामाने ते एकदा परवानगी काढून घरी आणलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. मला वाटलं आत मशीन नाहीच, नुसतं दुकानात मांडायचं टरफल आहे. मी तसं म्हणाले तर मामा हसला नाही. तो म्हणाला, ‘‘तुलाही हलकं लागतंय?’’

त्याच्या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

हे घड्याळ घडवलं होतं एका बाईंनी. कारखान्यात त्यांना नुसतं बाई म्हणत. आखूड केस, कपाळावर कायम एक आठी, जेवणसुद्धा उभ्या उभ्या. काही वर्षं त्यांनी या एका घड्याळापायी दुसरं काही पाहिलं नव्हतं. आणि मामाने ते हातात घालून, अंगणात दिवसभर राबून, संध्याकाळी त्यांना सांगितलं, ‘‘जड आहे.’’

बाईंना ती थट्टा वाटली. मामाने दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं, तिसऱ्या दिवशीही. सकाळी ठीक असतं, म्हणाला, पण दुपारनंतर हात ओढला जातो, घण उचलताना मनगट खाली जातं. बाईंनी त्याला त्याच बनावटीचा दुसरा नग दिला. तोही जड. त्यांनी मशीनच्या पट्ट्या आणखी कोरल्या, स्क्रू बदलले, काच पातळ केली. मामाने बांधून पाहिलं, मान हलवली. त्याच्यासोबत तपासणीला एक पोहणारी मुलगी होती. ती म्हणायची की मी अंघोळीला जाते तेव्हा हे काढायचंच विसरते. मामा म्हणायचा, तिला विसरायला होत असेल, मला नाही होत.

हळूहळू कारखान्यात कुजबुज सुरू झाली. ठोक्या जुन्या पोलादी घड्याळांचा माणूस, त्याला नवीन काही खपत नाही. कुणी म्हणालं, बाई वरचढ झाली म्हणून पोटात दुखतंय. मामा हे घरी येऊन सांगायचा. मामी म्हणाली, ‘‘अहो, सगळी म्हणतायत हलकं, तर तुम्हीही म्हणा. सगळ्या कारखान्याला मामा बनवायला निघालात का?’’

‘‘जे वाटत नाही ते कसं सांगू?’’ मामा म्हणाला. ‘‘मग मला तिथे ठेवलंय कशाला?’’

त्याच सुमारास मामीने एक गोष्ट पाहिली होती आणि तिच्याकडे कानाडोळा केला होता. मामाच्या उजव्या बाहीचं मनगटाचं बटण उघडं राहायला लागलं होतं. रोज. डावीचं व्यवस्थित लावलेलं. उजव्या बाहीचं बटण डाव्या हाताने लावावं लागतं, हे तिला ठाऊक होतं, पण तिने वयावर ढकललं. हे तिने मला फार पुढे सांगितलं.

शेवटी बाईंनीच सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. त्यांनी मामाला तपासणीच्या खोलीत खुर्चीवर बसवलं, डोळ्यांना पट्टी बांधली, बाह्या दुमडायला लावल्या. मॅनेजर होता, पोहणारी मुलगी होती, आणखी दोघंतिघं गंमत बघायला उभी होती. बाईंनी मामाच्या डाव्या मनगटावर नवीन घड्याळ बांधलं आणि उजव्यावर पोलादाचं जुनं, जाडजूड आणि वजनदार. मग हात पुढे धरायला सांगितले आणि विचारलं, हलकं कुठलं?

‘‘उजवं,’’ मामा म्हणाला.

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी दोन्ही घड्याळं काढली. पुन्हा काहीतरी बांधल्यासारखी दोन्ही मनगटांवर बोटं फिरवली आणि विचारलं, आता?

मामाने बराच वेळ घेतला. त्याला चूक करायची नव्हती. मग तो म्हणाला, ‘‘डावं जड आहे. मघाचंच आहे ना ते?’’

बाईंनी पट्टी सोडली. मामाने खाली पाहिलं. दोन्ही मनगटं उघडी होती आणि डावा हात, काहीही न बांधलेला, थरथरत खाली येत होता.

बाई एवढंच म्हणाल्या, ‘‘घड्याळाचं राहू द्या. तुम्ही आधी डॉक्टरांना हात दाखवा.’’

मामाने घरी येऊन हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. सांगताना त्याने बाईंच्या बोटांची नक्कलही केली. मामी इस्त्रीचं टेबल दुमडून ठेवत होती, ती तशीच उभी राहिली. मग तिने त्याच्याजवळ जाऊन उजव्या बाहीचं बटण लावलं आणि म्हणाली की उद्या मी सुटी घेते.

तपासण्या बऱ्याच झाल्या. दंडात सुया खुपसून आतली वीज मोजली. शेवटी एका तरुण डॉक्टरने आम्हा तिघांना समोर बसवून समजावलं. हातात काही बिघाड नाही. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या ज्या पेशी असतात, त्या मरतायत. का मरतायत ते कुणाला सांगता येत नाही. हुकूम पोचला नाही की स्नायू वाळतो. मामाने विचारलं, हात बरा कधी होईल? डॉक्टरने पाण्याचा घोट घेतला. हात बरा होणार नाही, तो म्हणाला, आणि हातावर थांबणारही नाही. पाय, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहतं. हे त्याने दिलासा दिल्यासारखं सांगितलं.

मामीने विचारलं, किती वेळ? तो म्हणाला, प्रत्येकाचं वेगळं असतं.

आम्ही बसथांब्यावर येऊन बसलो. आमची बस आली आणि गेली, कुणी उठलं नाही. दुसरीही गेली. मामी रस्त्याच्या पलीकडच्या चपलांच्या दुकानाकडे टक लावून बघत होती. मामा मध्येच म्हणाला, ‘‘म्हणजे माझं चुकत नव्हतं. खरंच जड होतं.’’

त्याच्या आवाजात सुटका होती. मामीने त्याच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं ती त्याला आता मारेल.

कारखान्याने मामाचं तपासणीचं काम बंद केलं. त्याला आधी कोठीच्या खिडकीवर बसवलं, हातमोजे आणि अंगरखे वाटायला. काही महिन्यांत गठ्ठे उचलता येईनात, तेव्हा मॅनेजरने त्याला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि घरी बसा म्हणून सांगितलं. वाईट वागला नाही कुणी. निरोपाच्या दिवशी माणसांनी टाळ्या वाजवल्या. मामाला हात जोडता आले नाहीत, म्हणून त्याने मान लववली.

त्याच हंगामात घड्याळ बाजारात आलं. मामाच्या तक्रारींपायी बाईंनी त्यातून जे जे कोरून काढलं होतं, ते त्यांनी परत घातलं नव्हतं, त्यामुळे ते ठरलं होतं त्यापेक्षाही हलकं झालं. ठिकठिकाणी जाहिराती लागल्या. आमच्या कोपऱ्यावरच्या बसथांब्यावरही एक होती. हवेत उडी मारलेला टेनिसचा खेळाडू, आणि खाली मोठ्या अक्षरांत, हातात आहे हे विसरून जाल. तोवर मामा चाकांच्या खुर्चीत आला होता. संध्याकाळी आम्ही त्याला खाली फिरवायला न्यायचो तर मामी खुर्ची दुसऱ्या बाजूने वळवायची. एकदा मामाने थांबवायला लावली. चित्राकडे बराच वेळ पाहून म्हणाला, पट्टा एक घर सैल बांधलाय, सर्व्हिस करताना खाली सरकेल. त्याचं बोलणं तेव्हा जिभेवरून घसरायला लागलं होतं, सर्व्हिस हा शब्द त्याला दोनदा म्हणावा लागला.

बाई घरी यायला लागल्या त्या याच काळात. पहिल्यांदा आल्या तेव्हा मामीने दारातच त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. तिला वाटलं माफी मागायला आल्या, आणि माफी ऐकून घ्यायची तिची तयारी नव्हती. पण बाईंनी खिशातून रुमाल काढला, त्यात एक घड्याळ होतं. त्या मामाला म्हणाल्या की हे पुढचं आहे, बांधून बघता का?

मामाचा चेहरा एवढा उजळलेला मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. त्याने डाव्याच हातावर बांधायला सांगितलं. बाईंनी तो हात उचलून मांडीवर घेतला आणि घड्याळ बांधलं. मामाने सांगितलं. जड. खालची कड हाडावर येते. आणि पट्ट्याचा हा आकडा अशक्त बोटांना उघडत नाही, तुम्ही तो धडधाकट माणसासाठी केलाय.

पुढच्या रविवारी त्या आकडा बदलून घेऊन आल्या. नुसतं ओढलं की सुटेल असा. मग दर रविवारी येत राहिल्या. प्रत्येक वेळी घड्याळातून काहीतरी कमी झालेलं असायचं. मामी कुरकुरायची, पण रविवारी मामाची दाढी ती लवकर करून ठेवायला लागली.

एका रविवारी बाई कप धुवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात माझ्यामागे आल्या. त्यांनी हळू आवाजात सांगितलं की कारखान्याला हे घड्याळ नकोच आहे. पहिलं भरपूर खपतंय, त्याहून हलकं कुणी मागत नाही. मॅनेजरने साफ बंद करायला सांगितलंय. त्या सुटीत, स्वतःच्या टेबलावर हे करत होत्या. काच आता एवढी पातळ होती की जोराने पुसली तर फुटेल. त्या घरी जेवत नव्हत्या, झोपत नव्हत्या. ‘‘त्यांना एकदा हलकं वाटलं पाहिजे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मग मी थांबेन.’’

आमच्या स्वयंपाकघराला दार नव्हतं, नुसता पडदा होता. मामाचे कान शाबूत होते.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी मामाच्या मनगटावर घड्याळ बांधलं. मनगट कसलं, हाडं आणि कातडी. मामा डोळे मिटून पडून राहिला. मग सावकाश, एकेक अक्षर जुळवत म्हणाला, ‘‘काही नाही. लागतच नाही.’’

बाईंना ते नीट कळलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगितलं. त्या मामाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी घड्याळ काढलं, रुमालात गुंडाळलं, मामाच्या कपाळावरून हात फिरवला आणि गेल्या. पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत.

त्या दिवशी मामाला सूप भरवताना मी विचारलं, खरंच हलकं वाटलं का रे? डावा हात तर कितीतरी आठवड्यांपासून उशीवर होता तसाच पडून होता.

‘‘उचलता येत नाही,’’ मामा म्हणाला. ‘‘कळणार कसं?’’ चमचाभर गिळायला त्याला वेळ लागला. मग तो पुढे म्हणाला, ‘‘झोपू दे तिला.’’

बाईंना ते पटलं होतं की त्यांनी पटवून घेतलं, ते मला आजही ठाऊक नाही.

नंतरचं सगळं फार वाईट गेलं. मामीने नोकरी सोडली. मामाला कुशीवर वळवायचं, बसवायचं, धुवायचं, घशात अडकलेला कफ नळीने ओढायचा. रात्रंदिवस तेच. मामी अंगाने त्याच्या निम्म्याहून लहान, पण त्याला उचलायला ती दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. मी पुढे झाले तर खेकसायची. एका सकाळी तिसऱ्यांदा चादर बदलताना तिच्या हातून तो निसटला आणि पलंगाच्या कडेवर आपटला. तेव्हा ती ओरडली की एकदाचं काय ते होऊन जाऊ दे, मलाही माणसासारखं जगू दे. मग ती न्हाणीघरात गेली आणि दार लावून फरशीवर बसली. मी मामाला सावरलं. तो माझ्याकडे बघून काहीतरी म्हणत होता. कान लावल्यावर कळलं. ‘‘तिला चहा दे.’’

म्हणून मला नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. श्वास कमी पडायला लागला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, घशाला छिद्र पाडून यंत्र लावायचं का? त्यावर आणखी बरीच वर्षं निघू शकतात. मामाने मानेने नाही म्हटलं. मामी मात्र हटून बसली. लावायचं म्हणजे लावायचं. मी करीन सगळं, माझी पाठ मोडली तरी चालेल. डॉक्टर म्हणाले, निर्णय त्यांचा. मामी मामावर झुकून म्हणाली, ‘‘माझ्यासाठी पण नाही?’’

मामाने तिच्याकडे एकटक पाहिलं आणि पुन्हा मान हलवली. तेवढी हालचाल त्याला अजून येत होती. मामी त्याच्याशी तीन दिवस बोलली नाही. सगळं केलं, पण तोंडातून अक्षर नाही.

तो गेला तेव्हा भर सकाळ होती. मामी खाली पाव आणायला गेली होती आणि मी त्याची नखं कापत होते. श्वास घेतल्यावर तो थोडा थांबायचा, तसाच थांबला. मी पुढचं नख कापलं. मग कळलं. मामी जिना चढून आली, पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, पंखा का बंद केलास? मी केला नव्हता, तो चालूच होता. ती खोलीतल्या शांततेबद्दल विचारत होती.

कारखान्यातून माणसं आली. बाई आल्या, मागे उभ्या राहिल्या, मामीचा हात धरला आणि गेल्या. इस्पितळाकडून आणलेला पलंग परत गेला. खोली एकदम मोठी झाली. मामी भिंतीला टेकून दिवस दिवस बसायची आणि मी दवाखान्यातून परत आले की विचारायची, आज कोण कोण आलं होतं दात काढायला? मी सांगायचे. ती ऐकायची नाही.

काही महिने असे गेले. मग एक दिवस तिच्या हातून पातेली पडली. दुसऱ्या दिवशी तिला उजवा हात खांद्याच्या वर नेता येईना. तिने मला सांगितलं नाही, पण मी पाहिलं, आणि आम्ही दोघी एकाच गोष्टीला भ्यालो. मीच तिला त्याच तरुण डॉक्टरकडे घेऊन गेले. त्याने तिला ओळखलं. तिला ढकलायला लावलं, ओढायला लावलं, बोटं पसरायला लावली, गुडघ्यांवर छोटी हातोडी मारून पाहिली. मग तो हसला. असं काही नाही, म्हणाला, नवऱ्याला उचलून उचलून खांद्याच्या शिरा दुखावल्यात. विश्रांती घ्या, व्यायाम लिहून देतो, बरं होईल.

मामी तिथेच रडायला लागली. मामा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. डॉक्टरला वाटलं हायसं वाटून रडतेय. त्याने तिला पाणी दिलं, पाठीवर थोपटलं.

रस्त्यावर आल्यावर तिने डोळे पुसले. शेजारून चालताना, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, ‘‘मला वाटलं होतं, मलाही तेच झालं असेल. बरं झालं असतं.’’

तिचा दुखरा हात तिने दुसऱ्या हातात धरला होता. थोडं पुढे गेल्यावर तिने विचारलं की लाँड्रीत तिची जागा अजून रिकामी असेल का. मी म्हणाले, विचारून बघू. खांदा बरा झाल्यावर.

‘‘आजच विचारू,’’ मामी म्हणाली, आणि आम्ही इस्पितळाच्या मागच्या दाराकडे वळलो, जिथे मळक्या चादरींच्या गाड्या उभ्या असतात.